प्रकाशाच्या तारांचे वाद्य : लेसर कोणता निवडावा?

सतारीची तार छेडली की ती थरथरते आणि स्वर उमटतो. पण जिला तार म्हणून हात लावावा असे काही नाहीच, नुसती प्रकाशाची एक रेघ आहे आणि तिच्यात बोट घातले की ‘सा’ ऐकू येतो, असे वाद्य तुम्ही पाहिले आहे का? त्याला लेसर हार्प म्हणतात. हार्प म्हणजे उभ्या तारांचे एक पाश्चात्त्य वाद्य. फ्रान्समधील बेर्नार शाज्नेर या कलावंताने १९८० च्या सुमारास प्रकाशाच्या तारांचा हार्प तयार केला आणि ज्याँ मिशेल जार या संगीतकाराच्या कार्यक्रमांमुळे तो जगभर माहीत झाला.

समजा, जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील वडीगोद्री या गावी तुमची शाळा आहे आणि विज्ञान प्रदर्शनासाठी तुम्ही असे वाद्य करायचे ठरवले आहे. लाकडी चौकट गावातला सुतार करून देईल. स्वर जुळवायला भजनी मंडळाची पेटी मिळेल. बॅटरी, तारा आणि स्पीकर जुन्या रेडिओतून निघतील. अडते ते एकाच ठिकाणी : लेसर कोणता घ्यायचा? बाजारात पन्नास रुपयांपासून कित्येक हजारांपर्यंतचे लेसर आहेत. कुणी म्हणतो लाल घ्या, कुणी म्हणतो हिरवा अधिक झगझगीत दिसतो, तर कुणी वरातीत वापरतात तसला मोठाच आणा म्हणतो. निवड चुकली तर पैसे जातील, एवढेच नाही. कुणाचा तरी डोळाही जाईल. म्हणून ही निवड भावनेने नव्हे, तर हिशेबाने करू.

किरणाचे काम काय?

आधी वाद्य कसे चालते ते पाहू. चौकटीच्या वरच्या फळीवर ओळीने आठ लेसर बसवतात. प्रत्येकाचा किरण सरळ खाली येतो आणि खालच्या फळीवरील प्रकाशसंवेदी रोधकावर पडतो. हा रोधक बाजारात एलडीआर या नावाने मिळतो. त्याच्यावर भरपूर प्रकाश पडला की त्याचा विद्युत्‌रोध काही शे ओहमपर्यंत उतरतो आणि अंधार झाला की लाख ओहमच्याही वर जातो. बोटाने किरण अडवला की एलडीआर अंधारात जातो, रोध एकदम वाढतो आणि ही वाढ ओळखून पुढचा परिपथ स्वर वाजवतो.

म्हणजे या वाद्यात किरणाने काही जाळायचे नाही, आकाशात उजेड पाडायचा नाही आणि दूर जायचे नाही. त्याने फक्त ‘मी आहे’ आणि ‘मी नाही’ एवढे दोनच शब्द एलडीआरला सांगायचे आहेत. ही गोष्ट पक्की लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा निर्णय तिच्यावरच अवलंबून आहे.

मग साधा एलईडी दिवा का चालत नाही? कारण त्याचा प्रकाश पसरतो. ज्याचा झोत १५ अंशांत पसरतो असा एलईडी घेतला, तर एक मीटर अंतरावर त्या झोताची रुंदी सुमारे २६ सेंटिमीटर होते. अशा झोतात शेजारचे दोन-तीन एलडीआर सहज उजळतील आणि ‘रे’ची तार तोडली तरी ‘रे’ वाजणारच नाही. साध्या लेसरचा किरण मात्र एका मीटरमागे जेमतेम एक-दोन मिलिमीटर पसरतो. आपल्याला हवा आहे तो हा काटेकोरपणा.

लेसरचे हे गुण आपल्या देशात फार लवकर ओळखले गेले होते. पहिला लेसर १९६० साली अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीपासून केला. त्यानंतर काही वर्षांतच मुंबईत तुर्भे येथील, आज भाभा अणुसंशोधन केंद्र या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत, गॅलियम आर्सेनाइडचा अर्धवाहक लेसर तयार झाला. त्याच्या किरणावरून कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेपर्यंत, म्हणजे सुमारे २० किलोमीटर, माणसाचा आवाज पाठवण्याचा प्रयोगही १९६० च्या दशकातच झाला. ज्या अर्धवाहक लेसरसाठी तेव्हा प्रयोगशाळा लागत असे, त्याचा धाकटा भाऊ आज शेंगदाण्याएवढ्या पितळी नळीत मिळतो.

किती शक्ती पुरेशी?

लेसरची शक्ती मिलिवॅटमध्ये मोजतात. एक वॅट म्हणजे १००० मिलिवॅट. आता एक सोपे गणित करू.

किरणाचा व्यास ३ मिलिमीटर आहे असे धरा. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ७ चौरस मिलिमीटर येते. एवढ्या जागेत १ मिलिवॅट शक्ती पडली, तर दर चौरस मीटरला सुमारे १४० वॅट या प्रमाणात प्रकाश पडतो. चांगल्या उजेडाच्या वर्गखोलीत हेच प्रमाण दर चौरस मीटरला जवळपास १ वॅट असते. म्हणजे अवघा १ मिलिवॅटचा किरण वर्गातील उजेडापेक्षा शंभर पटींहून अधिक तेजस्वी आहे. एलडीआरला ‘आहे’ आणि ‘नाही’ यांतला फरक कळायला यापेक्षा जास्त काय हवे?

पण प्रदर्शन उघड्या पटांगणात असेल तर? मराठवाड्यातील दुपारचे ऊन दर चौरस मीटरला सुमारे १००० वॅट असते. आपला १४० वॅटचा किरण त्यापुढे फिका पडेल. मग ५ मिलिवॅटचा लेसर आणावा काय? गणित करा : पाच गुणिले १४० म्हणजे ७००. तरीही ऊनच जास्त! शक्तीच्या स्पर्धेत आपण सूर्याशी जिंकू शकत नाही.

उपाय दुसराच आहे आणि तो जवळजवळ फुकट आहे. एलडीआरच्या तोंडावर १० सेंटिमीटर लांबीची, ५ मिलिमीटर व्यासाची काळी नळी बसवा. शीतपेयाची नळी किंवा जुन्या पेनाचे कवच आतून काळे केले तरी चालेल. अशा नळीतून एलडीआरला वरचा एवढासाच तुकडा दिसतो. चारी बाजूंनी येणारा पसरट उजेड त्यामुळे हजार पटींहून अधिक कमी होतो, पण नळीच्या अक्षावरून येणारा लेसर किरण मात्र जसाच्या तसा आत शिरतो. वरच्या फळीची सावली थेट उन्हालाही अडवते. म्हणजेच शक्ती वाढवण्याऐवजी सावली वाढवायची. पाच मिलिवॅटने जे साधत नाही, ते एका नळीने साधते.

नळीचे तोंड वर असल्यामुळे तिच्यात धूळ बसेल. वाजवण्यापूर्वी प्रत्येक नळीत एक फुंकर मारण्याची सवय ठेवा.

डोळ्याचे गणित

आता तोच हिशेब डोळ्यासाठी करू. डोळ्यातील भिंग समांतर किरणांना दृष्टिपटलावर एका बिंदूत गोळा करते. लेसरचा किरण जवळजवळ समांतर असल्याने त्याचा ठिपका एका मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतका बारीक होऊ शकतो. १ मिलिवॅट शक्ती एवढ्याशा जागी एकवटली, तर तेथे दर चौरस मीटरला सुमारे ३० लाख वॅट असे प्रमाण होते. दुपारच्या सूर्याकडे पाहिले तर दृष्टिपटलावरील सूर्याच्या प्रतिमेत हे प्रमाण सुमारे दीड लाख वॅट येते. म्हणजे पन्नास रुपयांचा लेसर डोळ्यात सूर्याच्या वीसपट प्रखर ठरतो!

मग १ मिलिवॅटपर्यंतचे लेसर निर्धोक कसे मानतात? कारण झगझगीत दृश्य प्रकाश डोळ्यात शिरताच सुमारे पाव सेकंदात आपली पापणी आपोआप मिटते आणि मान वळते. एवढ्या वेळात १ मिलिवॅटने इजा होत नाही. पण कुणी पैज लावून मुद्दाम टक लावून बघितले, तर हे संरक्षण संपले.

याच पायावर लेसरचे आंतरराष्ट्रीय वर्ग ठरवले आहेत. दृश्य प्रकाशाच्या सतत चालणाऱ्या लेसरसाठी ते असे : १ मिलिवॅटपर्यंत वर्ग २, १ ते ५ मिलिवॅट वर्ग ३ आर, ५ ते ५०० मिलिवॅट वर्ग ३ बी, आणि त्याच्या वर वर्ग ४. वर्ग ३ बी पासून पुढे पापणी मिटण्यापूर्वीच इजा होऊ शकते. वर्ग ४ चा तर भिंतीवरून परतलेला प्रकाशही घातक ठरू शकतो.

हे नुसते पुस्तकातले भय नाही. २०२३ च्या गणेशोत्सवात मिरवणुकीतील लेसर झोतांमुळे दृष्टिपटलाला इजा झालेले तरुण महाराष्ट्रातील नेत्रतज्ज्ञांकडे आले. २०२४ च्या गणेशोत्सवात पुणे पोलिसांनी अशा झोतांवर बंदी घातली. दृष्टिपटल भाजताना दुखत नाही, कारण तेथे वेदना जाणवत नाहीत. मधोमध एक काळा डाग दिसू लागतो तेव्हाच ते कळते. आणि दृष्टिपटलाच्या मधला भाग गेला की चष्म्याने तो परत येत नाही. म्हणून वरातीतला लेसर आपल्या वाद्यासाठी कुणी फुकट दिला तरी घेऊ नका.

काही मोठ्या कार्यक्रमांत चौकट नसलेला हार्प दिसतो. किरण पंख्यासारखे सरळ आकाशाकडे गेलेले असतात. तेथे एलडीआर समोर नसतो. हातावरून परतलेला अंधुक प्रकाश ओळखावा लागतो. म्हणून त्याला शेकडो मिलिवॅटचे लेसर लागतात. ते शाळेचे काम नव्हे. आपला हार्प चौकटीचाच.

लाल, हिरवा की जांभळा?

बाजारात मुख्यतः तीन रंग मिळतात.

लाल लेसरची तरंगलांबी बहुधा ६५० नॅनोमीटर असते. यात अर्धवाहक डायोड थेट लाल प्रकाश देतो. रचना साधी, वीज कमी (सुमारे २५ मिलिॲम्पिअर) आणि किंमतही सर्वांत कमी. पाच व्होल्टवर चालणारे सुटे मॉड्यूल पन्नास रुपयांच्या आसपास मिळते. एलडीआरलाही हा रंग पुरेसा ‘दिसतो’.

हिरवा लेसर ५३२ नॅनोमीटरचा असतो. आपला डोळा हिरव्या रंगाला फार संवेदनशील असल्याने तेवढ्याच शक्तीचा हिरवा किरण ६५० नॅनोमीटरच्या लालपेक्षा सुमारे आठपट तेजस्वी भासतो. मोह होतो तो यामुळेच. पण बहुतेक हिरव्या पॉइंटरमध्ये हा रंग आडवळणाने तयार होतो. आत ८०८ नॅनोमीटरचा अवरक्त डायोड असतो. तो एका स्फटिकाकडून १०६४ नॅनोमीटरचा अवरक्त लेसर प्रकाश निर्माण करवतो. आणि दुसरा स्फटिक त्याची तरंगलांबी निम्मी करून हिरवा प्रकाश देतो. बाहेर पडण्यापूर्वी उरलेला अवरक्त प्रकाश गाळण्यासाठी एक गाळणी लागते. स्वस्त पॉइंटरमध्ये नेमकी हीच गाळणी वगळलेली असू शकते. अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रमाणके व तंत्रज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये असाच एक पॉइंटर तपासला, तेव्हा त्यातून हिरव्यापेक्षा अवरक्त प्रकाशच जास्त बाहेर पडत असल्याचे आढळले. अवरक्त प्रकाश डोळ्याला दिसत नाही, म्हणून पापणीही मिटत नाही. शिवाय असा लेसर वीज जास्त खातो आणि थंडीत नीट चालत नाही.

जांभळा लेसर ४०५ नॅनोमीटरचा. या रंगाला आपला डोळा इतका मंद प्रतिसाद देतो, की घातक शक्तीचा किरणही मिणमिणता वाटतो. फसवा म्हणूनच तो त्याज्य.

तेव्हा निवड ठरली : लाल, ६५० नॅनोमीटर, १ मिलिवॅटच्या आसपास आणि कुठल्याही परिस्थितीत ५ मिलिवॅटच्या आत. थोडे अधिक पैसे असतील तर ६३५ नॅनोमीटरचा लाल घ्या. तेवढ्याच शक्तीत तो डोळ्याला सुमारे दुप्पट तेजस्वी दिसतो. पण एलडीआरला त्याची गरज नाही.

हवेत किरण दिसला तर वाद्य शोभून दिसते, हे खरे. त्यासाठी बंद खोलीत चौकटीजवळ एक उदबत्ती लावा. धुराच्या कणांवरून प्रकाश विखुरतो आणि आठही लाल तारा दिसू लागतात.

चिठ्ठीवर विश्वास ठेवू नका, मोजा

स्वस्त लेसरवर ‘५ मिलिवॅटपेक्षा कमी’ अशी चिठ्ठी असते. ती नेहमीच खरी नसते. मग शाळेत शक्ती कशी मोजावी? शिक्षकांच्या देखरेखीखाली हा प्रयोग करा.

सिलिकॉनचा एकच सौर घट घ्या. अनेक घट जोडलेला सौर पत्रा चालणार नाही. कारण त्यातील एकाच घटावर प्रकाश पडला तर बाकीचे अंधारातले घट प्रवाह अडवतात. घटाची दोन टोके मल्टिमीटरच्या मिलिॲम्पिअर पट्ट्याला जोडा. लेसर पकडीत घट्ट बसवून खाली तोंड करा आणि संपूर्ण ठिपका घटावर पाडा. खोलीत अंधार ठेवा. लेसर बंद असताना जो प्रवाह दिसेल तो वजा करा.

सिलिकॉन ६५० नॅनोमीटरच्या दर १ मिलिवॅटमागे सुमारे ०.४ मिलिॲम्पिअर प्रवाह देतो. म्हणजे ०.४ मिलिॲम्पिअर दिसले तर शक्ती १ मिलिवॅटच्या आसपास, १.२ दिसले तर ३ मिलिवॅट. आणि २ मिलिॲम्पिअरच्या वर काटा गेला तर तो लेसर वाद्यात वापरू नका. हे माप अंदाजी आहे, पण १ आणि २० मिलिवॅटमधला फरक ते नक्की दाखवते.

शक्ती थोडी जास्त निघाली तर लेसरच्या ओळीत ४७ किंवा १०० ओहमचा रोध जोडून पुन्हा मोजा. प्रवाह कमी झाला की शक्तीही उतरते. उलट, ५ व्होल्टच्या मॉड्यूलला ९ व्होल्टची बॅटरी मात्र कधी जोडू नका. जादा प्रवाहाने लेसर डायोड डोळ्याचे पाते लवते न लवते तोच निकामी होतो.

स्वर जुळवणे

स्वर निर्माण करण्यासाठी ५५५ हा स्वस्त आणि जुना आयसी उत्तम. प्रत्येक तारेला एक आयसी द्या. त्याच्या चौथ्या पायापासून बॅटरीच्या धन टोकापर्यंत २२ किलोओहमचा रोध आणि त्याच पायापासून ऋण टोकापर्यंत एलडीआर जोडा. किरण पडलेला असताना एलडीआरचा रोध अत्यल्प असतो, म्हणून चौथ्या पायावरील दाब शून्याजवळ राहतो आणि आयसी गप्प बसतो. बोटाने किरण तोडला की दाब वाढतो आणि दोलन सुरू होते. आठही आयसींचे निर्गत एकेका रोधातून एकत्र आणून प्रवर्धकाला द्या.

आयसीचे सूत्र सोपे आहे. पहिला रोध आणि दुसऱ्या रोधाची दुप्पट यांची बेरीज करा, तिला धारित्राने गुणा आणि १.४४ ला त्या गुणाकाराने भागा; कंपनसंख्या मिळते. धारित्र ०.१ मायक्रोफॅरड आणि पहिला रोध १० किलोओहम ठेवला, तर दुसरा रोध पुढीलप्रमाणे येतो :

सा : २४० कंपने, २५ किलोओहम
रे : २७० कंपने, २१.७ किलोओहम
ग : ३०० कंपने, १९ किलोओहम
म : ३२० कंपने, १७.५ किलोओहम
प : ३६० कंपने, १५ किलोओहम
ध : ४०० कंपने, १३ किलोओहम
नी : ४५० कंपने, ११ किलोओहम
वरचा सा : ४८० कंपने, १० किलोओहम

बाजारातील धारित्रे अगदी अचूक नसतात. म्हणून दुसऱ्या रोधाच्या जागी फिरवता येणारा रोध (प्रीसेट) बसवा आणि पेटीवर सूर धरून कानाने जुळवा. एलडीआर थोडा सुस्त असतो. प्रकाश गेल्यावर त्याचा रोध वाढायला काही क्षण लागतात. संथ भजन छान वाजेल, द्रुत तान मात्र घसरेल. द्रुत तानेसाठी एलडीआरऐवजी फोटोट्रान्झिस्टर वापरता येतो. पुन्हा लक्षात घ्या, सुधारणा करायची ती किरणाच्या ग्राहकात. लेसर आहे तोच ठेवायचा.

चौकट बांधताना

किरण नेहमी वरून खाली सोडा. आडवा किरण समोर बसलेल्या लहान मुलाच्या डोळ्यांच्या रेषेत येतो. दोन फळ्यांतील अंतर ४५ सेंटिमीटर पुरे; त्यात हात मावतो, पण डोके घालावेसे वाटत नाही. लेसर फळीत पक्के बसवा, म्हणजे कुणी काढून मित्राच्या तोंडावर मारणार नाही. खालची फळी मिणमिणत्या काळ्या रंगाची, बिनचकाकीची असू द्या. वाजवणाऱ्याने अंगठी, घड्याळ आणि धातूच्या बांगड्या काढून ठेवाव्यात. कारण चकचकीत पृष्ठभाग आरशासारखा किरण परतवतो. आणि सर्व लेसरना मिळून एकच बटण ठेवा. चौकट जुळवून झाली की ते बंद.

आठ लाल मॉड्यूल मिळून प्रवाह सुमारे २०० मिलिॲम्पिअर. वीज गेली तरी मोबाइलच्या साध्या पॉवर बँकेवर वाद्य चालू राहील. लेसरचा एकूण खर्च चारशे रुपयांच्या आसपास. यापेक्षा जास्त खर्च केला असता, तर स्वर काही गोड झाला नसता.

प्रदर्शनात परीक्षक विचारतील, “एवढा लहान लेसर का घेतला?” तेव्हा बावरू नका. वर्गातील उजेडाचे, उन्हाचे आणि डोळ्याचे गणित त्यांच्यापुढे मांडा. आणि मग एका बोटाने ‘सा’ वाजवून दाखवा.

करून पाहा : काळी नळी लावून आणि न लावता, सावलीत आणि उन्हात, एलडीआरचा रोध मल्टिमीटरने मोजा. लेसर चालू असताना आणि बंद असताना अशी एकूण आठ मापे वहीत लिहा. कोणत्या स्थितीत ‘आहे’ आणि ‘नाही’ यांतील फरक सर्वांत मोठा आहे, ते तुमचे तुम्हीच शोधा.